प्रश्नचिन्हं झालेली नावं: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

मी ऐरोलीत राहतो, महापे एमआयडीसीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. शेजारच्या काकूंनी एका सरकारी पोर्टलवरून दाखला काढला. नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं! खिडकीवर सल्ला मिळाला, "इंग्रजीत भरा, मग बरोबर येतं." 1964 चा राजभाषा अधिनियम असलेल्या राज्यात!

काकूंनी नाव नीटच टाइप केलं होतं. ब्राउझर ते यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या साठवणपद्धतीत, पाठवतो. पण वाटेत कुठेतरी, बहुधा डेटाबेसच्या रकान्यात, लॅटिन-1, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांपुरती जुनी पद्धत, बसलेली असते. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून न मावलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी '?' लिहिलं जातं आणि मूळ नाव कायमचं पुसलं जातं. त्यापेक्षा रोमन अक्षरांचा कचरा दिसलेला परवडला. तेव्हा बहुतेकदा बाइट (संगणकाच्या साठवणीची एककं) शाबूत असतात, वाचणारा चुकलेला असतो. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत 2018 साली 8.0 आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-1 हीच मूळ सेटिंग होती. जुन्या डेटाबेसवर नवं पोर्टल चढवलं की तीही सोबत येते.

नाव टिकलं तरी ते मावेल याची खात्री नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, अगदी काना-मात्रासुद्धा. 'ज्ञानेश्वर'ला 30 बाइट लागतात. रकान्याची लांबी अक्षरांऐवजी बाइटमध्ये 30 धरली, की ज्ञानेश्वर आत जातो आणि त्याची बहीण ज्ञानेश्वरी दारात अडकते.

नाव शोधतानाचा घोळ तर डोळ्यांना दिसतही नाही. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, 2008 साली आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून काम भागत असे. आजही दोन्ही प्रकार वापरात आहेत. पडद्यावर सारखे, संगणकाला वेगळे. 'ऱ'चंही तसंच, पण तिथे युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे समान रूपं एकाच रूपात आणायचा नियम, दोन्ही रूपं एक करतं. 'ॲ'साठी ते करत नाही, नियम आपणच लिहावा लागतो.

निविदेत 'युनिकोड आवश्यक' एवढं लिहून भागत नाही. मराठी बटणं दाखवली की कंत्राटदाराचं काम झालं, असं होऊ देऊ नका. बिल मंजूर करण्याआधी अधिकाऱ्यासमोर कऱ्हाडकर, ज्ञानेश्वरी आणि ॲलिस ही नावं भरायला लावा. दाखला छापा, यादी एक्सेलमध्ये उघडा, नाव शोधून पाहा, एसएमएस पाठवा. मराठी एसएमएसमध्ये 160 ऐवजी 70 च अक्षरं मावतात, हे तिथे लगेच कळेल.

आणि जुन्या नोंदी? प्रश्नचिन्हांच्या नोंदी शोधायला एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पुरते. नावं मात्र अर्जाला जोडलेल्या कागदपत्रांवरून पुन्हा भरावी लागतील. ते काम कंत्राटदाराच्या खर्चाने व्हावं, अर्जदाराला पुन्हा रांगेत उभं करून नको.

आपला,
ऐरोलीचा एक प्रोग्रॅमर