फुटपाथवर धडक बसली तर भरपाई मागायची कुणाकडं?

संपादकसाहेब, नमस्कार.

फुटपाथवर मोटारसायकलनं उडवलं तर एकवेळ बरं म्हणायची पाळी आलीय. तिला नंबर प्लेट असते, थर्ड पार्टी इन्शुरन्स (म्हणजे ज्याला धडक बसली त्याच्या नुकसानीचा विमा) सक्तीचा असतो, मोटार अपघात प्राधिकरणात क्लेम टाकता येतो. गाडीवाला पळून गेला तरी २०२२ पासून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख देणारी सरकारी योजना आहे, शिवाय २०२५ पासून पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. पण यातलं सगळं मोटार वाहनासाठी. डिलिव्हरीवाल्याच्या सायकलनं पाडलं तर यातलं काहीच लागू नाही, आणि ती बिननंबरची बॅटरी स्कूटर असते ना, आवाज पण न येणारी, तिचीही तीच गत. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला स्पीड असेल तर नियमाप्रमाणं ती मोटार वाहनच नाही, म्हणजे लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. (काहीजण स्पीड वाढवून घेतात, मग ती पासिंगशिवाय रस्त्यावर आणताच येत नाही, पण फुटपाथवर स्पीड मोजणार कोण?)

आमच्या गल्लीतल्या एका आजींना अशीच धडक बसली, खुब्याचं हाड मोडलं. डिलिव्हरीचा पोरगा पळून गेला नाही हां, त्यानंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नंतर आजींच्या मुलानं कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर तिकडनं एकच, ऑर्डर नंबर सांगा. आता आजींकडं कुठला ऑर्डर नंबर, ऑर्डर तिसऱ्याचीच!

पोलिसात जाता येतं, नाही असं नाही. नव्या न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकारपणे वाहन चालवण्याचं, कुठल्याही वाहनाला लागतं, सायकल पण आली त्यात, सहा महिने कैद नायतर हजार रुपये दंड. गंभीर इजा झाली तर कलम १२५, तीन वर्षांपर्यंत. पण शिक्षा होणार कुणाला, त्या पोराला, आणि दंड सहसा जाणार सरकारजमा. भरपाईसाठी वेगळा दिवाणी दावा लावायचा, तो पण ज्याचं पोट रोजच्या ऑर्डरवर चालतंय त्याच्यावर. जिंकून तरी काय वसूल करणार त्याच्याकडनं, सायकल?

खरा पैसा आहे कंपनीकडं आणि ती आधीच बाजूला झालेली असते. कामावर असताना नोकरानं नुकसान केलं तर मालकानं भरायचं हे तत्त्व आपल्या कोर्टांत जुनं आहे, पण कंपनी म्हणते हा आमचा नोकरच नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, जी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिनं पण गिग कामगाराला, म्हणजे असं ॲपवरनं काम घेणाऱ्याला, मालक-नोकर नात्याच्या बाहेरच धरलंय. त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे अशी सोय केली ते चांगलंच झालं, पण त्या पोरानं ज्याला धडक दिली त्याचं काय? कुठली ऑर्डर घ्यायची, किती मिनिटांत पोचायचं, रेटिंग पडलं की आयडी बंद, हे सगळं ॲप ठरवणार आणि हाड मोडलं की हात वर! मला काय हे पटत नाही बुवा. तांबडा रस्सा गरम पोचला पाहिजे ही घाई त्या पोराची नसते, ती कंपनीनं विकलेली असते (आणि आपणच घेतो, हे पण खरं).

पोरांना धरून ठोकून काय होणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ॲपवर काम करणाऱ्या प्रत्येक सायकल आणि बिनपासिंगच्या स्कूटरसाठी कंपनीनं स्वतःच्या खर्चानं थर्ड पार्टी विमा काढावा आणि पाठीवरच्या बॅगेवर लांबनं वाचता येईल असा मोठा आयडी नंबर टाकावा. म्हणजे रस्त्यानं चालणाऱ्याला ऑर्डर नंबर विचारायची वेळ येणार नाही. ॲपचा मॅप चुकून फुटपाथवरनं रस्ता दाखवत असेल तर ते पण कंपनीनंच बघायचं.

फुटपाथ मोकळा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग आहे असं सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये सांगितलंय. आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत काय, महाद्वार रोडला काय, आधीच पार्किंग, डीपी आणि दुकानांचे बोर्ड चुकवत चालायचं असतंय, त्यात ही भर. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच आहे, मुंबईला हेलपाटे घालायची गरज नाही. कुणी वकील जनहित याचिका करायला तयार असतील तर आमच्या गल्लीतनं सह्या गोळा करून द्यायचं काम मी करतो.

एक पादचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर