स्थलांतरितांचे जाळे आणि सरकारी जोडनिधी

महोदय,
स्थलांतराची धोरणे सरकारी कचेऱ्यांत ठरतात, हा समज अर्धाच खरा आहे. कोण कुठे जाणार, कुणाच्या खोलीवर उतरणार, पहिले काम कोण लावून देणार, हे आधी गेलेली माणसे ठरवतात. सरकार बरेचदा मागून येते.

मेक्सिकोतच पाहा. अमेरिकेत गेलेल्या साकातेकास राज्याच्या लोकांनी गावागावांचे क्लब काढले, वर्गणीतून गावची कामे सुरू केली. त्यातूनच २००२ पासून ‘एकास तीन’ ही देशव्यापी योजना आली: क्लबच्या एका डॉलरमागे केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालत, हाच जोडनिधी. ही योजना आता बंद झाली आहे. रस्ते झाले, नळयोजना झाल्या. पण मेख अशी की क्लब नव्हता तिथे जोडनिधीही नव्हता. आणि परदेशी जायलाही पैसे लागत असल्याने अगदी गरीब गावांचे क्लब मुळात कमीच. शिवाय वर्गणी बांधकामाला चटकन मिळते (कोनशिला बसते ना!), पंपाच्या वीजबिलाला मिळत नाही. देखभालीचा खर्च कोण उचलणार, हे मंजुरीआधीच लिहून घ्यायला हवे.

याच जाळ्यातला ओळखीचा माणूस दलालही होतो. खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा करार क्रमांक १८१ सांगतो, काही अपवाद सोडून. प्रत्यक्षात रक्कम ‘उसनवारी’ म्हणून रोख घेतली जाते. पावती नसते, त्यामुळे तक्रार उभीच राहत नाही.

– एक वाचक