एक दिसलं की दुसरं मागं असतंय

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी भाच्याच्या गाडीतून काजवे बघायला निघालो होतो. राधानगरी सोडून दाजीपूरच्या अंगाला लागलो तेव्हा सात वाजून गेले होते. उजेड होता म्हणावं तर होता, नव्हता म्हणावं तर नव्हता. एका वळणावर सांबराची मादी रस्त्याच्या मधोमध उभी. भाच्यानं ब्रेक दाबला, तिनं एकदा मान वळवून बघितलं आणि दरीच्या बाजूला उतरून गेली. भाचा गिअर टाकणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. म्हटलं, "थांब, अजून एक असणार."

"मामा, गेलं की ते."

मागच्या गाडीला तेवढाही धीर नव्हता. दोनदा हॉर्न झाला आणि आम्हाला कट मारून ती पुढं गेली. त्याच क्षणी दरडीवरून पाडसानं उडी घेतली. भरल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज झाला. पाडस पडलं, उठलं आणि लंगडत आईच्या मागं झाडीत शिरलं. गाडीतून चार पोरं उतरली. पहिल्यांदा सगळ्यांनी बंपर बघितला. मीही जवळ जाऊन बघितलं. नंबरप्लेटच्या स्क्रूमध्ये खरबरीत तपकिरी केसांचा पुंजका अडकला होता, एवढंच.

मी एस.टी.त 29 वर्षं चालक होतो. त्यातली निम्मीअधिक फोंडा घाट आणि गगनबावड्याच्या लाईनवर गेली. म्हणून हे पत्र. उपदेश करायची मला हौस नाही, पण परवा त्या पोरांशी बोलताना ध्यानात आलं की आम्हाला जे पहिल्या महिन्यात जुन्या चालकांनी शिकवलं, ते यांना कुणी सांगितलेलंच नाही.

पहिला धडा तोच, जो मी भाच्याला सांगितला. जनावर एकटं रस्ता ओलांडत नाही, असं धरूनच चालायचं. जे दिसलं ते तुमच्या गाडीखाली येत नाही, त्याच्या मागचं येतं. एक सांबर गेलं की इंजिन चालू ठेवून मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. आमच्या वेळी पाठीमागं पन्नास सीटा बसलेल्या असायच्या, कुणीतरी "काय झालं ओ मामा?" म्हणायचं, पण गाडी हलायची नाही.

दुसरं, नजर. डांबराकडं बघत चालवणाऱ्याला जनावर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. बघायचं ते दोन्हीकडच्या साईडपट्टीच्या पलीकडं, झाडीच्या बुडाशी. हरणाच्या जातीच्या डोळ्यांत मागं आरशासारखा पडदा असतो, त्यावर उजेड पडला की डोळे लांबून चमकतात. त्यांची उंची बघून जनावर ओळखायचं. गुडघ्याएवढ्यावर चमकले तर भेकर, छातीएवढ्यावर असले तर सांबर. गव्याचं मात्र अवघड आहे. काळंभोर अंग रात्रीत मिसळून जातं आणि मान फिरवलेली असली तर डोळेही दिसत नाहीत. दिसतात ते गुडघ्याखालचे चार पांढरे मोजे, तेही गाडी जवळ गेल्यावर.

आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. भेकर बिचकलं की कुठंही उडी मारतं, कधी परत तुमच्याच चाकाखाली. सांबर लखलखीत उजेडात थिजून उभं राहतं. त्याचे डोळे अंधाराला सरावलेले, त्याला समोरचं काही कळत नाही. आणि आपण काय करतो, तर फुल लाईट टाकून हॉर्नवर हात ठेवून बसतो! लाईट डिपरवर घ्या, वेग मोडा, एखादा बारका हॉर्न द्या, ते आपसूक निघून जातं. गव्याला मात्र हॉर्नही देऊ नका. लांब थांबा आणि त्याला वाट द्या. पूर्ण वाढलेला नर आठशे-हजार किलोपर्यंत भरतो, तुमच्या हॅचबॅकचं वजनही साधारण तेवढंच.

वेगाचा हिशेब तर शाळेतल्या पोराला येईल. ताशी 60 किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. मग गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी वीसेक मीटर लागतात. डिपरवर पुढचं दिसतं जेमतेम चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे 60 ला सगळं काठावर, आणि रस्ता ओला असेल तर काठाच्या पलीकडं. तेच 40 ला वीस-पंचवीस मीटरांत गाडी उभी राहते. एवढं करूनही जनावर पुढ्यात आलंच, तर स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक मारा. त्याला चुकवायला म्हणून जो स्टिअरिंग ओढतो तो दरीत जातो, नाहीतर समोरून येणाऱ्या ट्रकवर. मन कठोर करून सांगतोय.

मुलगी अमेरिकेत कोलोरॅडोला असते. तिच्याकडं गेलो तेव्हा एस्टेस पार्क नावाच्या डोंगरातल्या गावी नेलं होतं तिनं. तिथं एल्क म्हणून मोठं हरीण आहे, आपल्या सांबराचा भाऊबंदच म्हणा. नर तीनशे किलोच्या वर जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा माजाचा काळ, तेव्हा नर शिट्टी फुंकल्यासारखे ओरडत गावात उतरतात आणि खुशाल रस्त्यात उभे राहतात. मोटारी रांगेनं थांबलेल्या, आणि हॉर्न एकाचाही नाही. मला त्या हरणांपेक्षा त्या रांगेचंच नवल वाटलं. जावई म्हणाले, इथं भीती दुसरी आहे. असल्या उंच पायाच्या जनावराला गाडीनं खालून उडवलं की धड सरळ पुढच्या काचेवर येतं. आपल्या मोठ्या सांबराचीही तीच गोष्ट. दुचाकीवाल्यापुढं तर काचही नसते.

आपल्याकडं अडचणीचे महिने बरेच आहेत. मे अखेरीपासून काजव्यांची गर्दी, आणि काजवे रात्रीच बघायचे असतात. मग पावसाळ्यात राऊतवाडीचा धबधबा, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी, आंबा घाटातलं धुकं. ऊसतोडीला फडातली दडण्याची जागा गेली की गवे आणखी कुठंही दिसतात, आणि तेव्हाच रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या असतात. डिसेंबर 2021 मध्ये तर गवा कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला होता, वाचकांना आठवत असेल. तेव्हा लोक म्हणाले, गवा आपल्यात घुसला. दाजीपूरचं रान 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, त्याआधी शाहू महाराजांच्या काळातही ते राखीवच होतं. फोंड्याला जाणारा रस्ता त्या रानाच्या पोटातून जातो. कोण कुणात घुसलंय ते ज्यानं त्यानं ठरवावं.

धडक झालीच तर काय करायचं, तेही त्या पोरांना ठाऊक नव्हतं. एकजण मोबाईलची बॅटरी लावून झाडीत निघाला होता, त्याला मी ओरडून मागं बोलावला. जखमी जनावराजवळ जायचं नाही, आणि आई जवळ असताना तर नाहीच. चारही इंडिकेटर लावून गाडी कडेला घ्यायची आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा. तिथं रेंज नव्हती, आम्हाला पुढं जाऊन कळवावं लागलं. त्यासाठी जागेची खूण लक्षात ठेवायची, दगडावरचा किलोमीटरचा आकडा किंवा मोरीचा नंबर. मेलेलं जनावर डिकीत टाकून न्यायचा विचार कुणी करत असेल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, तुरुंगाची हवा खावी लागेल. जाता जाता, नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर फुटलेल्या बंपरचा रुपया मिळत नाही. त्या पोरांचा तोच निघाला.

शेवटी एक विनंती, ज्यांच्या अखत्यारीत असेल त्यांना. दाजीपूरकडं जाताना एका वळणाआधी उडी मारणाऱ्या हरणाची पिवळी पाटी आहे. परवा जाताना ती दिसली नाही, म्हणून येताना गाडी थांबवून बघितलं. पाटी आहे जागेवर. तिच्यापुढं एका भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय आणि त्याच्या वरच्या कडेतून हरणाची फक्त शिंगं दिसतात. फ्लेक्सवरची तारीख एप्रिलची आहे. वाढदिवस होऊन गेला, आता तो उतरवायला हरकत नसावी.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक,
कोल्हापूर