रेसिंग सायकल घेताना आधी माप बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, परदेशातले रायडर आपल्या घाटांतून पळताना बघून आमच्या नाशिकमध्येही बऱ्याच मुलांनी घरी रेसिंग सायकलचा हट्ट धरलाय. खूप बरं वाटतं. पण आमच्याकडून जी चूक झाली ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून हे पत्र.

माझी मुलगी १५ वर्षांची, उंची ५ फूट ३ इंच. दुकानदार म्हणाला वाढतं वय आहे, ५४ ची (सेंटिमीटर माप) फ्रेम घ्या, दोन-तीन वर्षं बघायला नको. शाळेचा युनिफॉर्म घेतो तसं मलाही ते पटलं आणि घेऊन टाकली. सिग्नलला थांबलं की तिचा जेमतेम चवडा टेकायचा, सायकल एका बाजूला कलती करावी लागायची, आणि त्र्यंबकला जाऊन आली की करंगळीला मुंग्या, मान आखडलेली. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, ११० मिलिमीटरचा काढून ९० चा लावून बघितला, थोडा फरक पडला पण मुळात फ्रेमच मोठी त्याला काय करणार! शेवटी तोट्यात विकली.

दुसऱ्या वेळी एका जुन्या रेसरने तिला आधी ट्रेनरवर, म्हणजे स्टँडवर जागीच धरलेल्या सायकलवर, बसवलं, टाच पॅडलवर ठेवून पाय खाली सरळ होतो का बघितलं, मग कोपरं थोडी वाकलेली राहतात का ते, आणि मगच ४९ ची सांगितली. कार्बनचा नाद सोडा म्हणाला, अ‍ॅल्युमिनियमची घ्या, उरलेल्या पैशात चांगले २८ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि हेल्मेट. मुलं ग्रॅम ग्रॅम मोजत बसतात, पण यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) रेसमध्ये ६.८ किलोच्या खाली सायकल चालतच नाही हो! त्यापेक्षा गिअर बघा. पुढच्या चक्रांना ५०-३४ दाते आणि मागच्यांना ११ ते ३४ असतील तर कसारा घाटात पाय मोडत नाहीत, आता ती न थांबता चढते आणि वर आल्यावर हात झटकत नाही.

माझी सगळ्या सायकल क्लबना कळकळीची विनंती आहे, दोन-तीन मापांच्या जुन्या सायकली क्लबमध्ये ठेवा, मुलांना आठवडाभर चालवू द्या, आईबापांनी पैसे त्यानंतर मोजावेत.

आपला,
एक वाचक, नाशिक