स्ट्रायकर बदलण्याआधी चेंडूची वाट बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादा फुटबॉल संघ ओळीने चार सामने गोलाविना राहिला, की वर्तमानपत्रांत दोन वाक्ये ठरलेली असतात. 'आघाडीवीरांनी संधी दवडल्या' आणि 'संघाला दर्जेदार स्ट्रायकरची गरज'. आपले क्रीडा पानही त्याला अपवाद नाही, म्हणून हे पत्र.

आपला राष्ट्रीय संघ २०२४ च्या जानेवारीत आशियाई करंडकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाशी खेळला. तिन्ही सामने हरला, तिन्हींत एकही गोल नाही. त्या अख्ख्या वर्षात एकही विजय नाही. मार्च २०२५ मध्ये संघाचा वर्षानुवर्षांचा मुख्य स्ट्रायकर, चाळिशीतल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत यावे लागले. या सगळ्या काळात चर्चा एकच, छेत्रीनंतर कोण? हा प्रश्न खोटा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्या जागी जो कोणी उभा राहील त्याच्यापर्यंत नव्वद मिनिटांत चेंडू किती वेळा पोहोचतो आणि कुठे पोहोचतो, हे आधी विचारायला हवे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

व्यावसायिक क्लबांचेही तेच. गोल आटले की प्रशिक्षक जातो किंवा हंगामाच्या मध्यात परदेशी नऊ नंबर, म्हणजे सर्वांत पुढे खेळणारा स्ट्रायकर, येतो. (गेल्या काही हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी मैदानात असू शकत होते. त्यांतली एक जागा बहुतेक क्लब याच नंबराला देत आणि आपली पोरे विंगवर, म्हणजे कडेला, सरकत. राष्ट्रीय संघाला नऊ नंबर सापडत नाही याचे अर्धे उत्तर इथेच आहे. असो.)

आक्रमण दुरुस्त करायचे तर सुरुवात कागद-पेन्सिलीने करावी. मागच्या सहा-आठ सामन्यांच्या चित्रफिती लावाव्यात आणि चारच गोष्टी मोजाव्यात. पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास 'डी' म्हणतात तिथे, चेंडू आपल्या ताब्यात असताना किती वेळा शिरला? कसा शिरला: क्रॉसने (कडेवरून आत टाकलेल्या चेंडूने), जमिनीवरच्या पासने, ड्रिबलने (चेंडू पायाशी खेळवत) की कॉर्नर-फ्री किकवरून? शिरल्यावर फटका झाला का? आणि शिरलाच नाही, तर मैदानाच्या कोणत्या भागात गमावला?

फटक्यांची नुसती बेरीज फसवी असते. साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. पण डीच्या बाहेरून मारलेल्या शंभरांत तीन-चारच आत जातात, आणि डीच्या आतून साधारण सहा-सातांत एक. म्हणजे १५ फटके मारणाऱ्या संघाचे दहा बाहेरून असतील, तर त्या दहांची किंमत एक तृतीयांश गोलाएवढी. आतल्या पाचांची धरून सगळी मिळून जेमतेम एक गोल. दुसऱ्या संघाने १२ च मारले पण त्यांतले नऊ आतून, तर हिशेब दीड गोलाच्या जवळ जातो. समालोचक मात्र पहिल्या संघाला 'आक्रमक' म्हणतात.

या मोजणीतून कधी कधी असेही निघते की आतून फटके भरपूर होत आहेत, जागाही चांगल्या आहेत, फक्त चेंडू खांबाला लागतो आहे किंवा गोलकीपर अफाट खेळतो आहे. मग काहीही बदलू नये. आणखी सहा सामने थांबावे. घाईत रचना बदलून चांगले चाललेले आक्रमण मोडणारे प्रशिक्षक कमी नाहीत.

बहुतेक वेळा मात्र वेगळेच दिसते. चेंडू फिरतो तो असा: उजवा फुलबॅक (कडेचा बचावपटू), दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू), डावा फुलबॅक आणि पुन्हा उलटे. गाभाऱ्यात न शिरता नुसती प्रदक्षिणा. चेंडूचा ताबा ६० टक्के, डीमध्ये प्रवेश नगण्य. याचे कारण बचावपटूंची भीती हे नव्हे. मधले खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या फळीच्या अलीकडे, आपल्याच बचावपटूंपाशी येऊन चेंडू मागतात, तेही गोलाकडे पाठ करून. मिळालेला चेंडू मग मागेच जातो. उपाय असा: मधल्या दोघांपैकी एका मिडफिल्डरने प्रतिस्पर्धी फॉरवर्डच्या पाठीमागे, त्यांच्या दोन फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहायचे आणि अंग अर्धे वळवून, पुढचा पाय गोलाच्या दिशेला ठेवून चेंडू घ्यायचा. सरळ पास बंद असेल तर तिसऱ्या माणसाचा वापर करायचा. सेंटर-बॅक स्ट्रायकरला देतो, स्ट्रायकर एका स्पर्शात मागे त्या मिडफिल्डरला देतो, आणि मिडफिल्डर गोलाकडे तोंड करून धावू लागतो. समोरून दोन फॉरवर्ड दाबत असतील तर मागे तीन जण हवेत. एक फुलबॅक आत घ्या किंवा बचावात्मक मिडफिल्डर खाली आणा. दोघांवर दोघे असताना चेंडू खेळवायचा हट्ट धरला, की आपल्याच डीसमोर चेंडू जातो.

बालेवाडीला २०१७-१८ च्या हंगामात एफसी पुणे सिटीचे सामने ज्यांनी पाहिले, त्यांना ही मधली जागा आठवेल. मार्सेलिन्हो तिथे उतरून चेंडू घ्यायचा, अल्फारो पुढे डीपाशी थांबायचा. संघ त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढे २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि आपल्याकडे बोलायला आठवणी तेवढ्या राहिल्या.

आता रुंदीबद्दल, कारण खरी गडबड इथे असते. ६८ मीटर रुंदीच्या मैदानावर डीच्या आणि गोलासमोरच्या लहान चौकटीच्या रेषा सरळ पुढे वाढवल्या, तर मैदानाच्या पाच उभ्या पट्ट्या पडतात. मधली १८.३२ मीटरची, तिच्या दोन्ही बाजूंना ११-११ मीटरच्या आणि कडेला १३.८४ मीटरच्या दोन. सरावाच्या मैदानावर चुन्याने या रेषा प्रत्यक्ष आखाव्यात. नियम साधा आहे. चेंडू मैदानाच्या पुढच्या एक तृतीयांश भागात असताना पाचही पट्ट्यांत आपला एक तरी माणूस हवा, आणि विंगर व त्याच बाजूचा फुलबॅक एका पट्टीत नको. विंगर कडेला चिकटला तर फुलबॅक आतून धावेल. विंगर आत आला तर फुलबॅक कडेने वर जाईल. दोघेही कडेलाच राहिले, तर प्रतिस्पर्ध्याचा एकच माणूस दोघांना सांभाळतो आणि त्याचा मोकळा झालेला साथीदार डीमध्ये गर्दी करायला जातो. आपल्या बहुतेक संघांच्या आक्रमणाची अर्धी ताकद या एका चुकीत जाते.

यानंतर येतो क्रॉस. कडेवरून, डीच्या रेषेच्याही अलीकडून, उंच चेंडू आत टाकणे ही हतबलता असते. सेंटर-बॅक चेंडूकडे तोंड करून उभे असतात, उंच असतात, आणि डोक्याने चेंडू बाहेर काढणे हे त्यांचे रोजचे काम असते. त्यांना त्रास होतो तो चेंडू गोलरेषेपर्यंत नेऊन जमिनीवरून मागे, पेनल्टीच्या ठिपक्याकडे वळवला की. तेव्हा ते स्वतःच्या गोलाकडे पळत असतात, मागून कोण येते आहे ते त्यांना दिसत नाही, आणि पाय मध्ये घातला तर स्वतःच्याच जाळीत जाण्याची भीती. शिवाय पास चेंडूच्या मागच्या दिशेने जात असल्याने ऑफसाइडची (चेंडूच्या आणि बचावाच्या पुढे उभे असताना पास मिळण्याची) चिंता उरत नाही. या पासवर चार धावा ठरलेल्या असाव्यात. एक जवळच्या खांबाकडे, बचाव ओढून नेण्यासाठी. एक ११ मीटरवरच्या ठिपक्याकडे, एक लांबच्या खांबाकडे आणि एक डीच्या टोकावर, परतून आलेल्या चेंडूसाठी. नेहमीची चूक अशी की चौघेही लवकर पोहोचतात आणि उभे राहतात. उभ्या माणसाला राखणे सोपे. विंगर शेवटचा स्पर्श करण्यासाठी मान खाली घालतो, तो क्षण धाव सुरू करण्याचा.

'इतके जण पुढे गेले तर प्रतिहल्ल्यात मार खाऊ' ही प्रशिक्षकांची भीती रास्त आहे. तिच्यामुळेच फुलबॅक अर्ध्या रस्त्यात थांबतात. पण उत्तर माणसे मागे ठेवण्यात नाही, ती नीट उभी करण्यात आहे. पाच जण पुढे, पाच जण चेंडूच्या मागे. त्यांतले दोन किंवा तीन शेवटच्या फळीत आणि बाकीचे डीच्या टोकापासून दहा-पंधरा मीटरवर, मधल्या तीन पट्ट्यांत. चेंडू गमावला की पहिले पाच सेकंद जवळच्या तिघांनी तुटून पडायचे. नाही मिळाला तर परत फिरायचे. इथे हिसकावलेल्या चेंडूवर होणारा गोल सर्वांत स्वस्त, कारण प्रतिस्पर्धी नुकताच पसरू लागलेला असतो.

कॉर्नर, फ्री किक आणि लांब थ्रो यांवर एकूण गोलांपैकी पाव ते एक तृतीयांश गोल येतात. पैसा न लागणारी हीच दुरुस्ती, आणि सर्वाधिक दुर्लक्ष हिच्याकडे. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे आणि फक्त तीन रचना, पण पाठ. चेंडू टाकणारा एकच ठेवावा. थ्रो-इनवर थेट ऑफसाइड नसतो, हे आपले किती स्ट्रायकर वापरतात ते एकदा मोजून पाहावे.

सरावाबद्दल थोडे सविस्तर. डीच्या बाहेर रांग लावून, समोर फक्त गोलकीपर ठेवून, स्थिर चेंडूवर एकामागून एक फटके मारायचे, हा सराव पुण्यातल्या बहुतेक मैदानांवर दिसतो, मोठ्या क्लबांतही दिसतो. बघायला छान, उपयोग शून्य. सामन्यात कधीच न मिळणारी जागा आणि वेळ त्यात मिळतो. त्याऐवजी ४० बाय ३० मीटरचा भाग घ्यावा, एका टोकाला मोठा गोल, दुसऱ्या टोकाला दोन छोटे. सहा आक्रमक, चार बचावपटू, एक गोलकीपर. चेंडू मिळाल्यापासून दहा सेकंदांत फटका झाला पाहिजे. बचावपटूंनी हिसकावला तर त्यांनी छोट्या गोलात मारायचा आणि आक्रमकांनी पाच सेकंदांत परत मिळवायचा. गोलरेषेवरून मागे वळवलेल्या पासवर झालेल्या गोलाला दोन गुण. चार मिनिटांची एक फेरी, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, अशा पाच फेऱ्या. हे सामन्याच्या तीन-चार दिवस आधी. आदल्या दिवशी फक्त कॉर्नर आणि फ्री किक, पाय ताजे राहावेत म्हणून. चार ते सहा आठवडे पुढची त्रिकूट फळी बदलू नये. दर सामन्याला नवे तिघे आले, तर कोण कधी धावणार हे कुणालाच कळत नाही.

गवताचाही यात हात असतो. वाढलेल्या, कोरड्या गवतावर जमिनीवरचा पास अडतो, पोहोचेपर्यंत बचावपटू सरकलेला असतो. पंचवीस मिलिमीटरच्या आसपास कापून सामन्याआधी पाणी मारले, की तोच पास वेळेवर पोहोचतो. फायदा दोन्ही संघांना होतो हे खरे, पण ज्याला पास खेळायचा आहे त्याला जास्त.

एवढे सगळे झाल्यावर स्ट्रायकरकडे वळावे. त्याच्यात पाहायच्या गोष्टी तेव्हा बदललेल्या असतात. तो सेंटर-बॅकच्या नजरेआड, पाठीमागच्या खांद्यापाशी उभा राहतो का? आधी एक पाऊल चेंडूकडे टाकून मग उलटा वळून पाठीमागच्या जागेत धावतो का? पहिल्या स्पर्शात फटका मारतो का? या तिन्ही गोष्टी विशी-बाविशीतल्या मुलाला शिकवता येतात. परदेशातूनच आणाव्या लागतात असे नाही.

आपल्याला एक छोटी विनंती आहे. सामन्याच्या वृत्तान्ताखाली आपण चेंडूच्या ताब्याची टक्केवारी आणि एकूण फटके छापता. त्यांपैकी ताब्याची टक्केवारी काढून टाकावी आणि त्या जागी दोन आकडे द्यावेत: डीच्या आतून मारलेले फटके किती, आणि प्रत्येक गोल कशातून आला. जागा तेवढीच लागेल.

आपला,
एक वाचक, खडकी, पुणे