चौकट पाहून निकाल देऊ नका

संपादक महोदय,

जुन्या अमेरिकी विनोदी चित्रपटांच्या ऑनलाइन याद्यांमध्ये थिएटरसाठी काढलेले चित्रपट आणि टीव्हीपट यांची सर्रास सरमिसळ होते. चौकोनी, म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ असलेली चौकट दिसली की टीव्हीपट म्हणून मोकळे होणे हे त्याचे मुख्य कारण. पण थिएटरात १.८५:१ अशा रुंद प्रमाणात दाखवलेले कित्येक चित्रपट फिल्मवर जवळपास चौकोनीच चित्रित होत. वरची-खालची पट्टी प्रोजेक्टरमध्ये झाकली जाई. टीव्हीसाठी ते झाकण निघाले की पात्रांच्या डोक्यावर उगाच रिकामी जागा दिसते, कधी माइकही डोकावतो. अशा खुणा असतील तर चित्रपट बहुधा थिएटरचाच.

त्याहून भरवशाची खूण जाहिरातींच्या जागांची. टीव्हीपटात दर दहा-पंधरा मिनिटांनी प्रसंग छोट्याशा उत्कंठेवर तुटतो, पडदा काळा होतो आणि पुढचा प्रसंग बहुतेकदा इमारतीच्या बाहेरच्या दृश्याने सुरू होतो. थिएटरच्या विनोदी चित्रपटाला असे नियमित खंड परवडतच नाहीत, हशाची लय मोडते.

लांबीही तपासावी. एबीसी वाहिनीने १९६९ मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिक टीव्हीपटांना दीड तासाची वेळ असे. जाहिराती वगळता उरत साधारण ७५ मिनिटे. मात्र पाल या युरोपीय टीव्ही पद्धतीची प्रत सेकंदाला फिल्मच्या नेहमीच्या २४ ऐवजी २५ चित्रांनी धावते, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. पोस्टर हा तर पुरावाच नव्हे, कारण काही टीव्हीपट परदेशात थिएटरांतही लागले होते.

— एक चित्रपटप्रेमी वाचक