सुट्टीच्या दिवशीचा गुन्हा आणि मालकाला कळवण्याचे बंधन

महोदय,

कामाच्या वेळेबाहेर घडलेल्या प्रकरणात गुन्हा दाखल झाल्यास कर्मचाऱ्याने तो मालकाला कळवलाच पाहिजे का, या प्रश्नाचे उत्तर सरकारी नोकरीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९५५ च्या आदेशानुसार, अटक झालेला केंद्रीय कर्मचारी पुढे जामिनावर सुटला तरी त्याने अटकेची हकिगत वरिष्ठांना तातडीने कळवायची असते. न कळवल्यास माहिती दडवली म्हणून वेगळी कारवाई होऊ शकते. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. तरीही कोठडीतल्या माणसाच्या नावे घरून आजारपणाच्या रजेचा अर्ज येतो, हे आस्थापना शाखेत काम केलेल्यांना नवे नाही. असा अर्ज पुढे मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडतो, कारण गुन्हा अजून सिद्ध व्हायचा असतो, खोटा अर्ज मात्र फाइलीत लागलेला असतो.

खासगी नोकरीत हे बंधन प्रामुख्याने नेमणूकपत्रातून येते, आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘कोणत्याही पोलीस प्रकरणाची माहिती देणे बंधनकारक राहील’ अशा एका ओळीत अदखलपात्र तक्रार, दाखल गुन्हा, अटक, दोषारोपपत्र आणि दोषसिद्धी हे सगळे एकाच मापाने मोजले जाते. सोसायटीत पार्किंगवरून झालेल्या बाचाबाचीची शेजाऱ्याने पोलिसांत तक्रार केली, तर लेखा विभागातल्या कर्मचाऱ्याने ती व्यवस्थापकापुढे का मांडावी, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. याउलट शाळेच्या बसचा चालक रविवारी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला असेल, तर सोमवारी त्याच्या हाती बस देण्यापूर्वी शाळेला ते कळलेच पाहिजे. मुलांवरील अत्याचाराचा आरोप असलेल्या शिक्षकाच्या किंवा अपहाराचा आरोप असलेल्या रोखपालाच्या बाबतीतही ‘ही माझी खासगी बाब आहे’ हे म्हणणे टिकणारे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली दिलेला निकाल नोकरीत घेताना मागवलेल्या माहितीविषयीचा आहे. पण त्यातली दोन सूत्रे इथेही लागू करण्यासारखी आहेत. माहिती दडवली असे म्हणायचे तर ती आधी नेमकेपणाने विचारलेली असली पाहिजे. आणि तरुण वयातील घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब असेल, तर मालकाला ती नजरेआड करता येते. मात्र उमेदवाराने खरे सांगितले म्हणून त्याला नेमलेच पाहिजे, असेही न्यायालय म्हणत नाही. त्याआधी ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात, स्थायी आदेशांतील (कामगारांच्या सेवाशर्ती व शिस्तीच्या लेखी नियमांतील) ‘कारखान्याच्या आवारात किंवा लगत’ हे शब्द ताणून दूर घडलेल्या वर्तनापर्यंत नेता येणार नाहीत, असे त्याच न्यायालयाने १९८३ साली ठरवले होते. मालकाचा अधिकार कामगाराच्या उंबऱ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो.

म्हणून नेमणूकपत्रात ही अट घालायचीच असेल, तर कोणत्या टप्प्यावर, किती दिवसांत, कोणाला कळवायचे आणि ती माहिती पुढे कोण पाहणार, हे तिथेच लिहावे. अटक आणि न्यायालयात दाखल झालेले दोषारोपपत्र एवढ्यापुरतेच, आणि तेही पदाच्या कामाशी संबंध असल्यास, बंधन असावे. कोठडीत असलेल्या माणसाच्या वतीने कुटुंबीयांनी किंवा वकिलाने कळवले तरी ते पुरेसे मानावे. स्वतःहून आलेल्या माणसाच्या हाती चौकशीविना राजीनाम्याचा कोरा कागद ठेवला जाणार असेल, तर दुसरा कोणी येणार नाही आणि मालकाला बातमी वर्तमानपत्रातूनच कळेल.

आणखी एक सूचना. अटकेची नोंद सेवापुस्तकात किंवा वैयक्तिक फाइलीत घेतली जाते. पुढे तो कर्मचारी निर्दोष सुटल्यास निकालाची प्रत त्याच फाइलीत लावण्याची आणि ज्यांना आधी कळवले त्या सर्वांना लेखी कळवण्याची जबाबदारी मालकावर असावी, असा खुलासा नेमणूकपत्रातील त्याच अटीत असणे आवश्यक आहे.

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक, सातारा